पाण्याचा वार आणि शाळेची वाट

ताई, नमस्कार.

आम्ही परभणीचे. मी बँकेत आहे. माझी बदली छत्रपती संभाजीनगरला, अदालत रोडच्या शाखेत झाली आहे. ह्यांनाही शेंद्र्याच्या एका कंपनीत काम मिळालंय, म्हणजे आता तिकडेच मुक्काम. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, सेमी इंग्लिशला. मुलगी साडेचारची. सासूबाई सोबत असतात. त्यांचे गुडघे दुखतात, पण संध्याकाळी हरिपाठाला गेल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही.

घर घ्यायचं म्हणून तीन रविवार फिरलो. एक फ्लॅट सातारा परिसरात पाहिला, बीड बायपासवरून आत. नवी इमारत, तीन बेडरूम, लिफ्ट, बाग, जिम. दुसरं सिडको एन-८ मधलं जुनं रो हाउस. खाली दोन खोल्या, वर एक, मागच्या भिंतीला ओल. दोन्हींची किंमत उन्नीस-बीस. तिसरा ह्यांच्या मित्राने सुचवलेला शहराच्या कडेचा २० बाय ३० चा प्लॉट. नवीन प्लॉटिंग आहे, व्यवहार बॉण्डवर, ‘कागद मागाहून होतात’ म्हणे.

ह्यांचा जीव फ्लॅटवर. तिथून एका मोठ्या सीबीएसई शाळेची बस मिळते, सकाळी ६.४० ला. शाळा ७.३० ची. मला रो हाउस आवडलं, पण का ते नीट सांगता येत नाही. परभणीत मुलगा मित्रांबरोबर चालत शाळेत जातो, एवढंच डोक्यात येतं. सासूबाई म्हणतात, ‘आपली माणसं असतील तिथं घ्या.’ बाकी सगळे म्हणतात, ‘एरिया चांगला बघा.’ पण चांगला एरिया म्हणजे नेमकं काय बघायचं?

एप्रिलमध्ये रुजू व्हायचंय.

– परभणीकर

•

परभणीकर,

आधी तो प्लॉट निकालात काढते, म्हणजे घरातला एक वाद तरी मिटेल. बॉण्डवर म्हणजे स्टॅम्प पेपरवर नोटरी करून केलेला व्यवहार. त्याने जागा तुमच्या नावावर होत नाही. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहतं. या शहराच्या कितीतरी वसाहती अशाच वसल्या आणि तिथं राहणारी माणसं पोटाला चिमटा काढून घर बांधणारीच आहेत. त्यांच्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा, म्हणजे असे छोटे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांचा, कायदा आला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं नियमित करून घ्यायची वाट मिळाली. तुमच्या मित्राचं प्लॉटिंग ताजं आहे. ते त्या तारखेनंतरचं झालं. आणि बँकेत बसणाऱ्या बाईला मी काय सांगावं? तुमचीच शाखा त्या बॉण्डवर कर्ज देणार नाही. मित्राला चहा पाजा आणि विषय संपवा.

आता फ्लॅट की रो हाउस. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी दोन्हीकडे जाऊन आले. रिकामटेकडी आहे म्हणून नव्हे. हा प्रश्न मी एकदा चुकवलेला आहे, म्हणून.

आम्ही शहराच्या एका टोकाला घर घेतलं तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. घर देखणं, हवा मोकळी, गच्चीवरून डोंगर दिसायचा. पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की ट्रक. दूध आणायलाही स्कूटर. शाळा, क्लास, मैत्रिणीचा वाढदिवस, काहीही असलं तरी कुणीतरी सोडायचं आणि कुणीतरी आणायचं. मुलगी हुशार, पण चौदाव्या वर्षी मावशीकडे गेली आणि औरंगपुऱ्यात रस्ता ओलांडताना रडायला लागली. तोवर तिला तो एकटीने कधी ओलांडावाच लागला नव्हता. दोन वर्षांनी आम्ही ते घर विकलं. तेव्हापासून कुणीही ‘एरिया कसा आहे’ विचारलं की मी विचारते, तिथं आठ वर्षांचं पोर एकटं कुठं कुठं जाऊ शकतं?

तुम्हाला रो हाउस का आवडलं ते सांगता येत नाही म्हणता. मला वाटतं, पत्रात तुम्ही ते सांगून टाकलंय. मुलगा मित्रांबरोबर चालत जातो, हे वाक्य.

शाळेचं जरा सविस्तर बोलू, कारण भांडण तिथंच आहे. ६.४० ची बस, ७.३० ची शाळा. जायला ५० मिनिटं, यायला ५०. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा आणि ८०० तास अध्यापन धरलंय. २०० दिवस रोज १०० मिनिटं बसमध्ये, म्हणजे वर्षाचे ३३३ तास. शिकायला ८०० आणि खिडकीला डोकं टेकून पेंगायला ३३३. हा हिशेब यजमानांपुढे ठेवा, आकडेमोडीचा माणूस असेल तर पटेल. शिवाय ६.४० ला फाटकाशी उभं राहायचं तर पोराला साडेपाचला उठवावं लागणार. हिवाळ्यात या शहरात साडेपाचला काय थंडी असते ते परभणीकराला वेगळं सांगायला नको.

सीबीएसई वाईट असं मी म्हणत नाही. पण तिसरी-चौथीच्या पोराला बोर्डाचा काय फरक पडतो? त्याला फरक पडतो तो वर्गात किती मुलं आहेत आणि बाई त्याला नावानं हाक मारतात का, याचा. कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. शाळेत गेलात की हॉलमधल्या ट्रॉफ्या बघू नका. वर्गाच्या दारातून बाकं मोजा. दोन बाकांमधून बाईंना जाता येतं का बघा. मुलांची स्वच्छतागृहं बघायला मागा. ती दाखवायला जी शाळा खळखळ करते तिथून परत फिरा. प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत घेऊ म्हणाले, तर हसून सांगा की २००९ च्या त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने ते बंद केलंय. बहुतेक वेळा मुलाखतीचं लगेच ‘ओळख-परिचय’ होतं. डोनेशनलाही तेच कलम. फी विचारताना ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठरली का, हेही विचारून ठेवा. राज्याचा फीचा कायदा २०११ चा आहे, पण त्याची आठवण पालकांनीच करून द्यावी लागते.

मुलगा सेमीला आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत. सिडकोत आणि गारखेड्याकडे सेमीच्या शाळा चालण्याच्या अंतरावर सापडतात. घर आणि शाळा एकदम बदलतंय, त्यात बोर्ड आणि भाषाही बदलायची म्हणजे पोराच्या पायाखालची सगळीच जमीन काढून घेण्यासारखं. एक काहीतरी जुनं राहू द्या. पाचवीनंतर बोर्ड बदलायचं असेल तर तेव्हा तो स्वतः सायकलवर जाईल आणि त्याला स्वतःचं मतही असेल. धाकटीची घाई तर मुळीच नको. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. तिला आत्ता गल्लीतली बालवाडी पुरे. जिथून रडण्याचा आवाज घरापर्यंत येतो अशी असेल तर उत्तमच.

बस घ्यावीच लागली तर एवढं बघा: गाडी पिवळी आहे का, आत बाई मदतनीस आहे का, शाळेची परिवहन समिती आहे का. २०११ च्या राज्याच्या नियमांत हे सगळं आहे. मुख्याध्यापक त्या समितीचे प्रमुख असतात, तेव्हा प्रश्न थेट त्यांनाच. रिक्षाकाकांच्या मागच्या फळीवर बसवून पोरं पाठवायचा आपल्याकडचा रिवाज मला अजिबात आवडत नाही, पण तो माझा वेगळा राग आहे.

आता मी काय पाहिलं ते.

एन-८ ला गेले दुपारी साडेबाराला, मुद्दाम, शाळा सुटायच्या वेळी. बॉटनिकल गार्डनच्या बाजूने आत शिरले. सिडकोच्या त्या आखणीत एक बरं आहे. मोठे रस्ते बाहेरून जातात आणि आतल्या गल्ल्या अरुंद, वळणाच्या. चारचाकीला तिथं जोर करता येत नाही. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी. एक मुलगी दप्तर पाठीला लावून तिथं थांबली, गिरणीवाल्यानं आतून ओरडून सांगितलं, ‘आईला सांग, ज्वारी झाली, संध्याकाळी घेऊन जा.’ ती मान हलवून पुढे निघाली. पुढे इस्त्रीवाला. त्यानं विचारलं, ‘दादा नाही आला आज?’ ‘ताप आलाय त्याला.’ शंभर पावलांत त्या पोरीची दोनदा हजेरी झाली. सीसीटीव्ही कॅमेरा हे करत नाही.

फुटपाथ? नावाला. नियमाप्रमाणे फुटपाथ निदान १.८ मीटर रुंद हवा, म्हणजे दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता जातील एवढा. मला तिथं जो दिसला त्यावर दोन स्कूटर, एक कुंडी आणि कुणाची तरी पायरी होती. मुलं रस्त्यावरूनच चालतात. पण रस्त्याचा वेगच कमी, म्हणून चालतं. कुत्री आहेत, चार-पाच. सकाळी काय करतात ते गल्लीतल्या बायकांना विचारा. आणि कडुनिंब आहेत. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी साडेबाराला पारा चाळिशीला टेकतो. ८०० मीटर उन्हातून आणि ८०० मीटर सावलीतून ही दोन वेगळी अंतरं आहेत, ती नकाशावर कळत नाहीत.

बायपासला गेले सकाळी साडेसहाला. तिथं मी पूर्वग्रह घेऊन गेले होते, कबूल करते, आणि अर्ध्या बाबतीत तोंडावर पडले. तुम्ही पाहिलेल्या इमारतीसारख्याच एका इमारतीच्या आवारात तेवढ्या सकाळी सात-आठ बायका फेऱ्या मारत होत्या. दोन आजोबा बाकावर पेपर वाटून वाचत होते. मला तिऱ्हाइताला बसवून घेतलं आणि चहाही दिला. म्हणाल्या, संध्याकाळी तीसेक पोरं खाली खेळतात. म्हणजे फ्लॅटमध्ये शेजार नसतो हे आपलं जुनं पालुपद तिथं खोटं ठरलं. सासूबाईंना हरिपाठाला तिथंही चार बायका मिळतील.

पण ६.४० ला फाटकाबाहेर काय दिसलं तेही सांगते. अकरा मुलं आणि नऊ आया. एका आईच्या दोन्ही खांद्यांवर दप्तरं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावं असा राज्याचा २०१५ चा आदेश आहे, म्हणजे २५ किलोच्या पोराला अडीच किलो. ती दप्तरं मी उचलून पाहिली. असो. बायपास रुंद झाला, पूल झाले, पूर्वीपेक्षा बरं आहे. तरी तो मुळात गाड्यांसाठीचा रस्ता. फाटकाच्या आत पोरं मोकळी आणि बाहेर प्रत्येकाला एक बोट धरलेलं. दुकान, शाळा, वाचनालय, डॉक्टर, सगळ्यांना फाटक ओलांडूनच जायचं. तुमच्या शाखेचंही तसंच. सातारा परिसर रेल्वेरुळांच्या दक्षिणेला, तुम्ही उत्तरेला. रूळ ओलांडायच्या जागा मोजक्या आणि सकाळी दहाला सगळं शहर त्याच मोजक्या जागांवर. संग्रामनगरच्या पुलावर एकदा त्या वेळी जाऊन बघा. यजमानांना मात्र बायपासवरून शेंद्रा सोपं पडेल, हे त्यांच्या बाजूनं मांडायलाच हवं. सिडकोतून ते जालना रोडनं चिकलठाण्यावरून जातील, गर्दी लागेल. त्यांच्या कंपनीची बस कुठल्या थांब्यांवरून जाते ते विचारा. सिडको चौकात थांबत असेल तर अर्धा वाद तिथंच मिटला.

आता असं एक, जे पत्रात तुम्ही विचारलंच नाही आणि या शहरात नव्यानं येणारं कुणीच विचारत नाही. पाणी कोणत्या वारी येतं?

शहराचं पाणी पैठणहून येतं, नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणातून, सुमारे ४५ किलोमीटरवरून. ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन जुन्या वाहिन्यांवर शहरानं कितीतरी वर्षं काढली. तेवढ्यात माणसं कितीतरी पटींनी वाढली. नळ रोज येण्याची सवय इथं मोडून गेली, काही भागांत आठवडा-आठवडा वाट बघायची. डिसेंबर २०२० मध्ये नव्या मोठ्या योजनेचं भूमिपूजन झालं, २५०० मिलिमीटरच्या वाहिनीची. पण धरणातून किती पाणी निघालं यावर घर घेऊ नका. तुमच्या गल्लीतल्या नळाला कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ येतं, ते विचारून घ्या. सातारा-देवळाई आधी ग्रामपंचायत, मग थोडे दिवस नगर परिषद आणि त्यानंतर महापालिकेत आलं. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं बोअर आणि टँकरवर भागवलं. फ्लॅट बघताना बिल्डरला विचारू नका. वॉचमनला विचारा की मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात, आणि त्याचे पैसे मेन्टेनन्समध्ये आहेत की वेगळे. रो हाउसमध्ये हौद किती लिटरचा आहे, तो फुटका नाही ना, मोटार कुठं बसवलीय, हे बघा. मागच्या भिंतीची ओल कदाचित त्या हौदाचीच असेल. प्लंबरला घेऊन जा, रंगवाल्याला नको.

शेजार कळतो तो याच पाण्यावर. या शहरात शेजारी म्हणजे ज्याच्याकडे तुमच्या फाटकाची किल्ली असते तो. तुम्ही बँकेत, यजमान शेंद्र्याला, नळ आला दुपारी तीनला. मोटार कोण लावणार? आमच्या गल्लीत समोरच्या काकू पाण्याच्या दिवशी चार घरांच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडतात. फोन येतो, ‘तुमचा हौद भरला, बंद केली.’ त्याच काकू माझ्याशी कचऱ्याच्या बादलीवरून सहा महिने बोलत नव्हत्या, पण मोटार लावायच्या. म्हणून रो हाउसच्या शेजारणीला एवढंच विचारा, ‘पाणी आलं आणि घरात कुणी नसलं तर काय करता?’ ती काय उत्तर देते यावरून वस्ती कशी आहे ते कळेल.

सासूबाईंच्या ‘आपल्या माणसांचं’ काय करायचं? त्यांना दुखवू नका. नव्या गावात म्हाताऱ्या माणसाला भीती वाटते आणि ती आडनावाच्या रूपानं बाहेर येते. पण या शहरात आडनाव विचारून घर दाखवणारे आणि आडनाव ऐकून ‘कालच गेलं’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या यादीत आपण खरेदीदार म्हणूनही बसू नये असं मला वाटतं. सासूबाईंना घेऊन या. एक संध्याकाळ त्या गल्लीत ओट्यावर बसवा. तासाभरात कुणी पाणी विचारलं, कुणी ‘कुठल्या तुम्ही?’ म्हणून बसलं, तर त्यांची माणसं त्यांना मिळाली. मंदिर किती लांब हे मीटरमध्ये मोजू नका, त्यांच्या पावलांनी मोजा, आणि परत येताना मोजा. जाताना गुडघे हरिपाठाच्या ओढीनं चालतात. आणि रो हाउसमध्ये त्यांची खोली खालचीच. लिफ्ट नाही म्हणून यजमान कुरकुरतील, पण तळमजल्याला लिफ्ट कशाला लागते?

माझं मत आता तुम्हाला कळलंच असेल, पण मी रो हाउस विकत घ्या म्हणणार नाही. विकत काहीच घेऊ नका, यंदा तरी. भाड्यानं राहा. एन-८ मध्ये, किंवा तिथं मनासारखं नाही मिळालं तर गारखेडा, ज्योतीनगर, उल्कानगरीकडे, तुमच्या शाखेला तेही सोयीचं. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक गणपती त्या गल्लीत काढा. पावसाळ्यात गल्लीत पाणी साचतं का, गणपतीत स्पीकर किती वाजता बंद होतो, उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येतो, हे तीन रविवार फिरून कुणालाच कळलेलं नाही. यजमानांना सांगा, फ्लॅट कुठं पळून जात नाही. बायपासला इमारती उगवतायत, तुम्ही म्हणाल तेव्हा एक रिकामी असेल. आणि वर्षभरानं त्यांना शेंद्र्याचा रस्ता फारच जड झाला आणि पोरगा पाचवीला आला, तर तेव्हा फ्लॅटचा विचार नव्यानं करायला माझी ना नाही.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवूनच घ्या. भाडे नियंत्रणाच्या १९९९ च्या कायद्यात, कलम ५५ मध्ये, नोंदणीची सक्ती आहे. मालक ‘नोटरी चालते’ म्हणतील, ऐकू नका. शाळेत पत्त्याचा पुरावा मागतात तेव्हा नोंदणीकृत करारच कामाला येतो. पुढे रो हाउस घ्यायचं झालंच तर सिडकोचं घर लीजहोल्ड (भाडेपट्ट्यावरचं) आहे की फ्रीहोल्ड (पूर्ण मालकीचं), हस्तांतराचा खर्च कुणाकडे, वरची खोली नकाशात आहे की मागाहून चढवलीय, हे बघा. फ्लॅट असेल तर महारेरा नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्र, हे तुम्हाला बँकेत पाठ असेलच. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, म्हणून जुन्या कागदावर औरंगाबाद आणि नव्यावर छत्रपती संभाजीनगर दिसलं तर दचकू नका. नावं मालकांची जुळतात का ते बघा.

रुजू व्हायच्या आधी एक दिवस काढा, रविवार नको. मंगळवार-बुधवार चालेल. मुलाला दप्तरासकट आणा, पुस्तकं भरून. जी शाळा मनात आहे तिच्या फाटकापासून घरापर्यंत दुपारी त्याला पुढे चालू द्या आणि तुम्ही वीस पावलं मागे राहा. त्याला बोलावू नका, सूचना देऊ नका. तो कुठं थांबतो, कुठं बिचकतो, कुठं मागे वळून तुम्हाला शोधतो, तेवढं मनात टिपून ठेवा. एखाद्या ठिकाणी तो तुम्हाला विसरून काहीतरी बघत उभा राहील, बोरं विकणारी बाई असेल किंवा सायकलचं दुकान, तर त्याला हाक न मारता तिथंच उभ्या राहा.

आणि परतीच्या गाडीत बसण्याआधी गिरणीवाल्याला पाण्याचा वार विचारून घ्या. घरमालकापेक्षा तो खरं सांगतो.